प्रोस्टेटचा पसरलेला कर्करोग आणि रोगप्रतिकारक पेशींचा उपचार: आशा कोठे आहे, अडचण कोठे आहे

२९ एप्रिल २०१० रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सिप्युल्यूसेल-टी या उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्या रक्तातून त्याच्याच रोगप्रतिकारक पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कर्करोगाची ओळख करून द्यायची आणि त्या पुन्हा त्याच्याच शरीरात सोडायच्या, अशा पद्धतीचा अमेरिकेत मान्य झालेला हा पहिलाच उपचार होता आणि तो प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी होता. पुढच्या पंधरा वर्षांत पेशींच्या उपचारांनी मोठी मजल मारली, परंतु ती प्रामुख्याने रक्ताच्या कर्करोगांत. ज्या आजारापासून सुरुवात झाली तो मात्र मागेच राहिला. असे का झाले आणि गेल्या काही वर्षांत पुन्हा आशा का वाटू लागली, हे समजून घेतल्यास रुग्णाला व त्याच्या कुटुंबीयांना या विषयावरील प्रत्येक नव्या बातमीचे वजन स्वतःच जोखता येईल.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली मूत्रमार्गाभोवती असलेली लहान ग्रंथी असून वीर्यातील द्रवाचा काही भाग तिच्यात तयार होतो. तिचा कर्करोग ग्रंथीपुरता मर्यादित असताना सापडला, तर शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने तो पूर्ण बरा होऊ शकतो. हाडांपर्यंत पोचलेल्या कर्करोगाचे गणित वेगळे असते. या पेशी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावर वाढतात, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले आणि त्याबद्दल त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वृषण काढून किंवा इंजेक्शनांनी टेस्टोस्टेरॉन बंद पाडणे हा आजही पसरलेल्या आजाराच्या उपचाराचा पाया आहे. बहुतेकांचा आजार या उपचाराने आटोक्यात येतो, कित्येकदा काही वर्षे आटोक्यातच राहतो. पण केव्हातरी कर्कपेशी अत्यल्प संप्रेरकावरही वाढायला शिकतात. अॅबिरॅटेरोन, एन्झाल्युटामाइड, डोसिटॅक्सेल, कॅबॅझिटॅक्सेल आणि ल्युटेशियम हे किरणोत्सारी द्रव्य जोडलेले औषध यांनी या अवस्थेतील आयुष्य वाढवले आहे, परंतु यांपैकी एकही औषध आजार मुळापासून काढून टाकत नाही. रोगप्रतिकारक पेशींकडे डॉक्टरांचे लक्ष वळते ते येथे, कारण एकदा नीट शिकलेली प्रतिकारशक्ती पुढची अनेक वर्षे स्मरण ठेवते, हा तिचा स्वभाव आहे.

या पेशींपैकी दोन प्रकार येथे महत्त्वाचे आहेत. टी पेशी बिघडलेल्या पेशीला चिकटून तिला थेट मारू शकतात, परंतु मारायचे कोणाला हे त्यांना आधी कोणीतरी दाखवावे लागते. ते काम डेंड्रिटिक पेशी करतात. परक्या किंवा बिघडलेल्या पेशींचे तुकडे गिळून त्यांतील प्रथिनांचे अंश त्या आपल्या पृष्ठभागावर मांडतात आणि टी पेशींना दाखवतात. राल्फ स्टाइनमन यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात १९७३ मध्ये या पेशींचे वर्णन केले. पुढे त्यांना स्वतःलाच स्वादुपिंडाचा कर्करोग झाला, तेव्हा इतर उपचारांबरोबर त्यांनी स्वतःच्या डेंड्रिटिक पेशींपासून बनवलेल्या लसीही घेतल्या. २०११ मध्ये त्यांना नोबेल जाहीर झाले त्याच्या तीनच दिवस आधी त्यांचे निधन झाले होते.

सिप्युल्यूसेल-टी याच ज्ञानावर उभे आहे. रुग्णाला एका यंत्राला जोडून तीन ते चार तासांत त्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशींचा एक भाग वेगळा काढला जातो आणि उरलेले रक्त परत त्याच्या शरीरात सोडले जाते. या पेशी कंपनीच्या केंद्रात नेऊन सुमारे दीड-दोन दिवस एका जोडप्रथिनाच्या सान्निध्यात ठेवल्या जातात. त्या जोडप्रथिनाचा एक भाग असतो प्रोस्टेटच्या पेशींवर आढळणारे प्रोस्टॅटिक अॅसिड फॉस्फटेज आणि दुसरा भाग असतो डेंड्रिटिक पेशींना जागे करणारा रेणू. तयार झालेली पिशवी विमानाने परत आणून ठरावीक तासांच्या आत रुग्णाला सलाइनसारखी दिली जाते. हे चक्र दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीन वेळा होते. थंडी वाजणे, ताप, थकवा, पाठदुखी असा त्रास होतो, पण बहुधा तो एक-दोन दिवसांत ओसरतो.

मान्यता ज्या चाचणीवर मिळाली तिच्यात ५१२ रुग्ण होते. संप्रेरक-उपचाराला आजार दाद देईनासा झाला होता, पण वेदना नव्हत्या किंवा अगदी थोड्या होत्या, असे हे रुग्ण. ३४१ जणांना खरा उपचार मिळाला, तर १७१ जणांना प्रथिनाने जागृत न केलेल्या त्यांच्याच पेशी परत दिल्या गेल्या. उपचार मिळालेल्यांपैकी निम्मे २५.८ महिन्यांहून अधिक जगले, तर दुसऱ्या गटात हाच आकडा २१.७ महिने होता. फरक चार महिन्यांचा. तीन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे ३२ टक्के आणि दुसऱ्यात २३ टक्के होते.

या निकालाची एक बाजू डॉक्टरांनाही बुचकळ्यात टाकणारी होती. प्रोस्टेटचा रुग्ण आणि त्याचे कुटुंब ज्या आकड्याकडे डोळे लावून बसलेले असते, तो रक्तातील पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींत तयार होणाऱ्या एका प्रथिनाचे प्रमाण) या उपचाराने जवळजवळ कोणाचाच उतरला नाही. गाठी लहान झाल्या नाहीत, आजार पुढे सरकण्याचा कालावधीही लांबला नाही, तरीही माणसे अधिक काळ जगली. काही संशोधकांनी यावर आक्षेप घेतला. तुलनेच्या गटातील वयस्क रुग्णांच्या पेशी काढून घेतल्यामुळे त्यांचेच नुकसान झाले असावे, अशी शंकाही मांडली गेली. उलट बाजूने असा पुरावा आला, की शस्त्रक्रियेपूर्वी हा उपचार दिलेल्या रुग्णांच्या काढलेल्या प्रोस्टेटमध्ये गाठीच्या कडेला टी पेशींची गर्दी वाढलेली होती. पुढील विश्लेषणात असेही दिसले, की उपचाराच्या सुरुवातीला ज्यांचा पीएसए कमी होता त्यांना सर्वांत जास्त लाभ झाला आणि ज्यांचा फार वाढलेला होता त्यांना सर्वांत कमी. माझ्या मते या सगळ्यातून निघणारा अर्थ सरळ आहे: प्रतिकारशक्तीला काम करायला महिने लागतात आणि आजाराचा भार कमी असतानाच ते महिने तिला मिळतात. केमोथेरपीचे मोजमाप या उपचाराला लावल्यास तो निष्फळ ठरतो. वर्षांचे मोजमाप लावल्यास तो माफक, पण खरा ठरतो.

तरीही तो फार पसरला नाही. तीन मात्रांची किंमत त्या वेळी ९३,००० डॉलर होती आणि प्रत्येक रुग्णासाठी औषध नव्याने बनवावे लागत होते. शिवाय त्याच सुमारास गोळीच्या रूपात घेता येणारी, पीएसए झटपट उतरवणारी औषधे बाजारात आली. सिप्युल्यूसेल-टी बनवणाऱ्या डेंड्रिऑन या कंपनीने २०१४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. युरोपात २०१३ मध्ये मिळालेली मान्यता दोनच वर्षांनी मागे घेण्यात आली, तीही कंपनीच्या विनंतीवरून. अमेरिकेत हा उपचार आजही उपलब्ध आहे.

मधल्या काळात प्रतिकारशक्तीला आवर घालणारे ब्रेक सोडवणाऱ्या औषधांनी फुप्फुसाच्या व त्वचेच्या कर्करोगांत मोठा बदल घडवला. प्रोस्टेटमध्ये त्यांचा प्रयोग झाला आणि पदरी निराशा आली. यांपैकी इपिलिम्युमॅबच्या दोन मोठ्या चाचण्यांत आयुष्य वाढल्याचे सिद्ध झाले नाही. पेम्ब्रोलिझुमॅबलाही फार थोड्या रुग्णांनी प्रतिसाद दिला. अपवाद एक आहे आणि तो विसरू नये: डीएनएतील चुका दुरुस्त करणारी यंत्रणा ज्यांच्या कर्कपेशींत बिघडलेली असते, अशा सुमारे तीन टक्के रुग्णांत पेम्ब्रोलिझुमॅब दीर्घकाळ परिणाम दाखवू शकते. त्यासाठी गाठीच्या नमुन्याची ठरावीक चाचणी करावी लागते.

उरलेल्या ९७ टक्क्यांमध्ये ही औषधे का चालत नाहीत? प्रोस्टेटच्या कर्करोगात जनुकीय बदल तुलनेने कमी असतात, म्हणून टी पेशींना परके वाटावे असे त्यात थोडेच सापडते. गाठीत टी पेशी विरळ असतात आणि त्यांना गप्प बसवणाऱ्या इतर पेशी भरपूर असतात. त्यात हा आजार हाडांत जाऊन बसतो. हाड झिजताना टीजीएफ-बीटा नावाचे प्रथिन बाहेर पडते आणि ते टी पेशींना लढाऊ रूप घेऊ देत नाही. ओल्या लाकडांवर काडी टाकली तर ती विझून जाते, तसे येथे होते: पेटवणारे औषध पोचते, पण पेट घेणारे काही नसते. मग पेटलेल्या टी पेशीच बाहेरून आणून सोडाव्यात, हा पुढचा विचार झाला आणि त्यातूनच कार-टी पेशींकडे पाहिले गेले.

कार-टीमध्ये रुग्णाच्या टी पेशी काढून त्यांत एक नवे जनुक घातले जाते. त्या जनुकामुळे पेशीच्या पृष्ठभागावर एक कृत्रिम ग्राही उगवतो, जो कर्कपेशीवरील ठरावीक प्रथिन ओळखतो. डेंड्रिटिक पेशींनी दाखवून देण्याची वाट मग पाहावी लागत नाही. अशा पेशी कोट्यवधींच्या संख्येने वाढवून, थोडी केमोथेरपी देऊन रुग्णाच्या शरीरात त्यांच्यासाठी जागा करून घेतल्यावर, त्या शिरेतून सोडल्या जातात. अमेरिकेत अशा पहिल्या उपचाराला ऑगस्ट २०१७ मध्ये मान्यता मिळाली. भारतात आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालय यांनी मिळून विकसित केलेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. परदेशातील अशाच उपचाराच्या सुमारे दहाव्या हिश्श्याच्या किमतीत तो देता येतो, ही मुंबईत घडलेली गोष्ट साऱ्या देशाच्या दृष्टीने मोलाची आहे. मात्र नेक्सकार१९ हा बी पेशींच्या (प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) रक्तकर्करोगांसाठी आणि लिम्फोमासाठी, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी, आहे, प्रोस्टेटसाठी नाही. बातमीत नुसते ‘कार-टी’ वाचून हा फरक अनेकांच्या नजरेतून सुटतो.

रक्ताच्या कर्करोगात कार-टी यशस्वी होण्याचे एक कारण फारसे सांगितले जात नाही. त्या पेशी सीडी१९ हे प्रथिन असलेल्या साऱ्याच बी पेशी मारतात, कर्करोगी आणि निरोगीही. परंतु निरोगी बी पेशींशिवाय माणूस काही काळ, औषधांच्या आधाराने, जगू शकतो. बहुतेक अवयवांबाबत असे म्हणता येत नाही. फुप्फुसाच्या किंवा यकृताच्या सर्व पेशी मारणारा उपचार रुग्णालाच मारील. प्रोस्टेटचे मात्र तसे नाही, कारण प्रोस्टेटवाचून माणूस जगतो आणि पसरलेल्या आजारात तिचे कार्य जपण्याचा प्रश्न उरलेला नसतो. म्हणून फक्त प्रोस्टेटच्या पेशींवर असलेले एखादे प्रथिन लक्ष्य म्हणून हाती लागले, तर निरोगी आणि रोगी असा भेद करण्याची गरजच राहत नाही. शरीरातील घट्ट गाठींच्या कर्करोगांत असा फायदा फार थोड्यांना आहे, आणि या आजाराविषयी आशा बाळगण्याचे सर्वांत भक्कम कारण मला हेच वाटते.

लक्ष्यांपैकी पीएसएमए हे नाव आपल्याकडील रुग्णांच्या परिचयाचे झाले आहे, कारण पीएसएमए पेट स्कॅन आता मोठ्या शहरांत होतो आणि ल्युटेशियमचा उपचारही याच प्रथिनाला धरून दिला जातो. प्रोस्टेटच्या कर्कपेशींवर ते मुबलक असते. थोडेसे ते लाळग्रंथींत, मूत्रपिंडात आणि लहान आतड्यातही असते. म्हणजे ‘फक्त प्रोस्टेट’ ही अट पूर्णपणे पाळली जात नाही.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी पीएसएमए ओळखणाऱ्या कार-टी पेशींत आणखी एक बदल केला. टीजीएफ-बीटाचा संदेश ऐकूच येऊ नये, असा सदोष ग्राही त्यांनी या पेशींवर बसवला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या टप्प्यातील चाचणीत १३ रुग्णांना या पेशी दिल्या गेल्या. चौघांचा पीएसए किमान ३० टक्क्यांनी उतरला. एकाचा तर ९८ टक्क्यांहून अधिक उतरला, पण तोच रुग्ण तीव्र प्रतिक्रियेनंतर जंतुसंसर्गाने दगावला. या प्रतिक्रियेत टी पेशी एकदम पेटून उठतात, सायटोकाइन नावाचे संदेशवाहक रेणू रक्तात प्रचंड प्रमाणात उतरतात, ताप चढतो, रक्तदाब कोसळतो आणि कधी मेंदूवरही परिणाम होतो. याच पद्धतीच्या पेशींची एका कंपनीने चालवलेली पुढची चाचणी दोन रुग्णांच्या मृत्यूनंतर थांबवावी लागली. उपचार सर्वाधिक परिणामकारक ठरला तेथेच तो सर्वाधिक घातक ठरला, ही वस्तुस्थिती आशेच्या बातम्यांबरोबर सांगितलीच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

कॅलिफोर्नियातील सिटी ऑफ होप या संस्थेने पीएससीए हे दुसरे लक्ष्य निवडले. १४ रुग्णांपैकी चौघांचा पीएसए ३० टक्क्यांहून अधिक उतरला. येथे अडचण आली ती मूत्राशयाच्या दाहाची, कारण पीएससीए मूत्राशयाच्या अस्तरावरही असते. आधी दिल्या जाणाऱ्या केमोथेरपीची मात्रा कमी केल्यावर तो त्रास आटोक्यात आला. दोन्ही चाचण्यांत आणखी एक गोष्ट समान होती: सोडलेल्या पेशी बहुतेक रुग्णांच्या शरीरात फार काळ टिकल्या नाहीत. रक्ताच्या कर्करोगात त्या वर्षानुवर्षे सापडतात. येथे महिनाभरात त्यांची संख्या घटते. सध्याचे बरेच संशोधन या एका मुद्द्याभोवती फिरते आहे. अधिक तरुण, दीर्घायुषी टी पेशी निवडणे, गाठीवर आधी किरणांचा हलका मारा करणे, पेशींची मात्रा पुन्हा देणे, असे मार्ग तपासले जात आहेत. शिवाय एका गाठीत पीएसएमए भरपूर आणि शेजारच्या गाठीत नाहीच, असे एकाच रुग्णात घडते. म्हणून दोन लक्ष्ये एकाच वेळी ओळखणाऱ्या पेशींचाही विचार सुरू आहे.

याच कल्पनेची दुसरी शाखा या शर्यतीत सध्या पुढे आहे. तिच्यात पेशी शरीराबाहेर काढाव्याच लागत नाहीत. दोन टोके असलेले एक प्रतिपिंड (अँटिबॉडी) तयार करतात. त्याचे एक टोक रुग्णाच्या स्वतःच्या टी पेशीला धरते, दुसरे कर्कपेशीला, आणि दोघींना इतके जवळ आणते की टी पेशी मारायला लागते. औषध बाटलीत तयार असते, त्यामुळे प्रत्येक रुग्णासाठी कारखाना चालवावा लागत नाही. झालुरिटामिग हे असे एक औषध स्टीप१ या प्रथिनाला लक्ष्य करते. बरेच उपचार होऊन गेलेल्या ९७ रुग्णांच्या पहिल्या टप्प्यातील चाचणीत जवळजवळ निम्म्यांचा पीएसए निम्म्याने किंवा त्याहून अधिक उतरला. सायटोकाइनची प्रतिक्रिया बहुतेकांना आली, पण क्वचितच गंभीर होती आणि मुख्यतः सुरुवातीच्या मात्रांपुरती राहिली. पास्रिटामिग हे दुसरे औषध केएलके२ या प्रथिनाला धरते, जे पीएसएचेच जवळचे भावंड असून प्रोस्टेटबाहेर फारसे आढळत नाही. कदाचित म्हणूनच त्यात प्रतिक्रिया कमी रुग्णांत आणि सौम्य दिसली. दोन्ही औषधे तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे शेकडो रुग्णांवर प्रचलित उपचाराशी तुलना करण्याच्या पातळीवर, पोचली आहेत. झालुरिटामिगच्या या चाचणीत मुख्य मोजमाप आहे ते रुग्ण किती काळ जगतो याचे. पीएसए किती उतरतो हे तेथे दुय्यम आहे.

महाराष्ट्रातील रुग्णाच्या दृष्टीने यातून काय हाती लागते, ते स्पष्ट सांगायला हवे. प्रोस्टेटसाठी मान्यता असलेली कार-टी आज जगात कोठेही नाही. तरीही ‘इम्यून सेल थेरपी’ या नावाखाली काही लाख रुपये घेऊन पेशींची इंजेक्शने देणारे ठिकठिकाणी भेटतात आणि घरातला माणूस डोळ्यांदेखत खंगत असताना अशा जाहिरातीला नाही म्हणणे फार कठीण असते, हे मी समजू शकतो. अशा वेळी घरच्यांनी काही नेमके प्रश्न लेखी विचारावेत. ही पेशी कोणती आणि ती कोणते प्रथिन ओळखते? याच आजारासाठी, याच अवस्थेसाठी केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची, म्हणजे सीडीएससीओची, मान्यता आहे का? नसेल तर ही नोंदणीकृत चाचणी आहे का? भारतात चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असणे २००९ पासून बंधनकारक आहे आणि ती नोंद कोणीही संकेतस्थळावर पाहू शकतो. चाचणीत सहभागी झालेल्या रुग्णाला इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. चाचणीतील प्रायोगिक औषधाचे पैसे रुग्णाकडून मागितले जात असतील, तर तेथेच थांबावे.

आणखी एक गोष्ट घरच्यांच्या हातात आहे. बायोप्सी किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेला नमुना मेणाच्या ब्लॉकमध्ये जतन केलेला असतो. पेम्ब्रोलिझुमॅबसाठी करायची तपासणी त्याच ब्लॉकवर होऊ शकते आणि पुढे एखाद्या चाचणीत सहभागी व्हायचे झाल्यास, गाठीत हवे ते प्रथिन आहे की नाही हे पाहण्यासाठीही तो मागितला जाऊ शकतो. रुग्णालये हे ब्लॉक ठरावीक वर्षेच सांभाळतात. म्हणून ब्लॉक आणि स्लाइड कोठे आहेत, किती काळ ठेवले जातील आणि अर्ज केल्यास ते परत मिळतील का, याची चौकशी पॅथॉलॉजी विभागात आजच करून ठेवावी.